स्वस्तातलं इंजिन

"काका, निम्म्या किमतीत चाळीसचं इंजिन मिळतंय. घेऊ का?"

वर्षातून तीन-चार वेळा तरी मला हा प्रश्न येतो. विचारणारं पोर बहुतेक वेळा बारावीतलं किंवा इंजिनिअरिंगच्या पहिल्या वर्षातलं असतं. पैसे ओवाळणीचे, शिकवणीचे, कधी आजोबांनी पास झाल्याबद्दल दिलेले. हे पैसे पुन्हा साठायला वर्ष-दोन वर्षं लागतात, आणि त्या वयात दोन वर्षांत आवड टिकतेच असं नाही. म्हणून मी फटकन हो किंवा नाही म्हणत नाही.

ज्यांना हा प्रकारच ठाऊक नाही त्यांच्यासाठी थोडी ओळख. हे इंजिन म्हणजे छोट्या विमानाच्या नाकावर बसणारं, मुठीत मावणारं टू-स्ट्रोक यंत्र. 'चाळीसचं' म्हणजे ०.४० घन इंचाचं, आपल्या भाषेत साडेसहा सीसी. याला स्कूटरसारखा ठिणगीचा प्लग नसतो. प्लॅटिनमची बारीक तार असलेला 'ग्लो प्लग' असतो. तो सुरुवातीला दीड व्होल्टच्या बॅटरीने तापवायचा. एकदा इंजिन चालू झालं की बॅटरी काढून घ्यायची. पुढे मिथेनॉलची वाफ आणि प्लॅटिनम मिळून तार लालबुंद ठेवतात. अमेरिकेत रे आर्डन यांनी १९४७ साली हा प्लग बाजारात आणला आणि विमानावरची कॉइल, कंडेन्सर, बॅटरी ही सगळी वरात एकदम उतरली. इंधनात मिथेनॉल, थोडं नायट्रोमिथेन आणि साधारण पाचवा हिस्सा तेल. हे तेल बऱ्याचदा एरंडेल. होय, तेच लहानपणी आजी नाक धरून पाजायची ते! ज्या मुलांना ते कधी प्यावं लागलं नाही, त्यांना त्याचा जळका वास फार आवडतो.

आता म्हणाल, आजकाल सगळी विमानं इलेक्ट्रिक मोटरवर उडतात, मग हे कशाला? खरं आहे. नवशिक्याने मोटरवर शिकावं असंच मीही सांगतो. पण होतं असं की जुने लोक इंजिनं कपाटातून काढून विकतात, परदेशातून आलेला जुना माल कमी किमतीत फिरतो, आणि आवाजाची व वासाची ओढ असलेली चार पोरं प्रत्येक पिढीत निघतातच. त्यामुळे इंजिनं कमी झाली तरी 'घेऊ का?' काही कमी झालेलं नाही.

माझी या विषयातली शाळा कोल्हापूरच्या उद्यमनगरात झाली. कॉलेजात एनसीसीच्या एअर विंगमध्ये एअरोमॉडेलिंग होतं. तिथे हातात आलेलं पहिलं इंजिन म्हणजे मिल्स जातीचं छोटं डिझेल. मूळ डिझाइन इंग्लंडचं, १९४६ सालचं. त्याच्या प्रती पुढे कोलकात्यात बनत. नावाला डिझेल, पण पिणार ईथर, रॉकेल आणि एरंडेल. सुट्टीत घरी आलो की आमच्या गल्लीतल्या मिस्त्रीकाकांकडे जायचो. ऑइल इंजिनांचे लायनर-पिस्टन बसवण्यात त्यांचा जन्म गेला होता. एकदा एका मित्राचं स्वस्तातलं परदेशी इंजिन मी त्यांच्यापुढे ठेवलं आणि किती रुपयांना पडलं ते सांगू लागलो. त्यांनी हात वर केला.

"किंमत नगंस सांगू आदी. किंमत कळली की हात खोटं बोलाय लागतोय."

मग त्यांनी बोटं फडक्याला पुसली, इंजिनात दोन थेंब तेल सोडलं, पंखा धरला आणि डोळे मिटून अगदी सावकाश फिरवला. पाच मिनिटं एक शब्द नाही. नंतर म्हणाले, "वरनं गबाळं हाय, पण आतलं काम बऱ्या हाताचं हाय. चालव." ते इंजिन पुढे कितीतरी वर्षं चाललं. काका आता नाहीत. त्यांची ती पाच मिनिटं मात्र मी अजून वापरतो. त्यांत काय काय असतं ते सांगतो.

पहिली गोष्ट, बाहेरचं रूप बघायचंच नाही. ओतकाम खडबडीत आहे, अक्षरं नीट उमटलेली नाहीत, रंग भडक आहे, याने काहीही बिघडत नाही. उलट बाहेरून आरशासारखं घासलेलं आणि आतून काठ न मारलेलं इंजिन मी पाहिलं आहे. चकाकी आणायला फारशी अक्कल लागत नाही. पिस्टन आणि लायनर यांच्यातली फट काही मायक्रॉनांत राखायला लागते. माणसाचा केस साधारण ५० ते १०० मायक्रॉन जाड असतो. म्हणजे सगळा खेळ केसाच्याही अंशात, आणि तो डोळ्यांना दिसत नाही. तो बोटांना कळतो.

म्हणून दुसरी गोष्ट, तेलाचे दोन थेंब टाकून हळू फिरवायचं. कोरडं तर मुळीच फिरवायचं नाही. पिस्टन वर येताना हवा दाबली जाते आणि पंखा मागे रेटतो. तिथेच धरून कान द्यायचा. हवा फुस्स करून लगेच निघून गेली तर कुठून गेली ते शोधायचं. प्लगच्या किंवा हेडच्या कडेला तेलाचा थेंब सोडला की बुडबुडे चोर दाखवतात. तिथली गळती स्क्रू आवळून किंवा नवीन वॉशर घालून जाते. पिस्टनच्या बाजूने जात असेल तर प्रकरण गंभीर.

इथे एक गंमत आहे आणि बहुतेक नवखे इथेच फसतात. बऱ्याच आधुनिक इंजिनांत ॲल्युमिनियमचा पिस्टन आणि आतून क्रोम किंवा निकेल चढवलेला पितळी लायनर असतो. हा लायनर वरच्या टोकाला किंचित निमुळता केलेला असतो. थंड असताना पिस्टन वर आला की आवळला जातो, कधी कुईं असा आवाजही करतो. पोरं घाबरतात, "काका, जाम आहे हो!" अरे बाबा, जाम नाही, हीच तर चांगली खूण! इंजिन तापलं की पितळ पिस्टनपेक्षा जास्त फुगतं आणि मग फट बरोबर जेवढी हवी तेवढी होते. याउलट नवं कोरं इंजिन लोण्यासारखं गुळगुळीत फिरतंय, वर कुठेच अडत नाही, म्हणून खूश होऊन घेतलं, तर तापल्यावर त्यात दमच उरणार नाही. दिसतं तसं नसतं म्हणून जग फसतं, ते असं.

तिसरी गोष्ट, खेळ बघायचा. पिस्टन अगदी वरच्या टोकाला आणून पंखा जरासा मागे-पुढे हलवायचा. कनेक्टिंग रॉडच्या दोन्ही टोकांचा सैलपणा तिथे टकटक करून सांगतो. मग पंख्यामागचा भाग धरून वर-खाली हलवायचा. साध्या बुशच्या इंजिनात किंचित हालचाल चालते, खुळखुळाट चालत नाही. बॉल बेअरिंग असेल तर फिरवताना वाळूसारखं खरखरतंय का ते बघायचं. खरखरलं की गंज. पण बेअरिंग बदलता येतं, हे लक्षात ठेवायचं.

चौथी गोष्ट, मागचं झाकण उघडायचं. स्वस्त इंजिनात मशिनिंगचा बुरा आत राहिलेला मी कितीदा पाहिलाय. बारा हजार फेऱ्यांवर चालणारं इंजिन सेकंदाला दोनशे वेळा फिरतं. त्यात ॲल्युमिनियमचा एक कण पुरे. म्हणून सुरू करण्याआधी उघडून रॉकेलने धुवायचं, सुकवायचं, तेल लावून पुन्हा जोडायचं. एक्झॉस्टच्या खिडकीतून टॉर्च मारून लायनरवरचा मुलामा सोलतोय का बघायचं. आणि प्लगचे आटे. स्वस्त ॲल्युमिनियममध्ये आटे लवकर जातात, म्हणून प्लग आधी बोटांनीच फिरवून बसवायचा, पान्याला शेवटचा पाव फेरा ठेवायचा.

पाचवी गोष्ट, कार्ब्युरेटर. स्वस्त इंजिनं बदनाम होतात ती नव्वद टक्के (हा आकडा माझ्या टेबलावरचा, शास्त्रीय नाही!) इथे. नीडल सैल असते, रबरी रिंग कडक झालेली असते, कुठूनतरी हवा ओढली जाते आणि इंजिन कधी पळतं, कधी गुदमरतं. दोष नीडलचा, आणि शिव्या खातो पिस्टन. दहा-वीस रुपयांची रिंग बदलली की तेच इंजिन शहाण्यासारखं वागतं.

एवढं झालं की मगच चालवून बघायचं. पक्क्या लाकडी फळीवर बोल्ट करून, पंख्याच्या मागे उभं राहून, बोट न घालता काठीने. पंख्याच्या पुढे आणि बाजूला कुणीही उभं राहायचं नाही. पिस्टन लोखंडी आणि लायनर पोलादी असेल तर छोट्या-छोट्या पाळ्यांत, जास्त इंधनावर, मध्ये थंड होऊ देत. नवी स्कूटर आणली की वडील पहिले हजार किलोमीटर चाळीसच्या वर जाऊ द्यायचे नाहीत, तसंच हे रनिंग-इन. मात्र पितळी लायनरवाल्याला हा लाड घातक. त्याला थंड आणि ओलं चालवत ठेवलं तर तो वरचा आवळलेला भागच झिजून जातो. त्याला लवकर तापू द्यायचं, थोड्या वेळाने थांबवायचं, निवलं की पुन्हा. रनिंग-इन झालं की खरी परीक्षा. पूर्ण वेग लावून, नीडल किंचित सैल करून दोन मिनिटं बघायचं, वेग टिकतोय की ढेपाळतोय. विमानावर बसवलेलं असेल तर कुणाला तरी नीट धरायला सांगून नाक आकाशाकडे करायचं. इंधन चढावर ओढावं लागलं की वेग थोडा वाढायला हवा. पडला तर नीडल अजून सैल. आणि गरम असतानाच बंद करून पुन्हा सुरू होतंय का, हे शेवटचं. ढिला पिस्टन इथे उघडा पडतो.

आता मुद्द्याकडे येतो. स्वस्त म्हणजे वाईट असं मुळीच नाही. अमेरिकेत कॅलिफोर्नियातल्या सांता आना इथे लेरॉय कॉक्स यांच्या कारखान्यात ०.०४९ घन इंचाची, म्हणजे जेमतेम ०.८ सीसीची इंजिनं लाखोंनी बनली. १९५० च्या दशकापासून तिथल्या पोरांच्या खाऊच्या पैशात ती येत होती. त्यांनी काटकसर कुठे केली बघा. प्लग वेगळा दिलाच नाही, हेड हाच प्लग. टाकी इंजिनाच्या पाठीलाच जोडली. इंधन आत घेण्यासाठी क्रँकमध्ये खिडक्या कापण्याऐवजी पातळ पत्र्याची एक झडप ठेवली. त्यामुळे ते बेटं कधी उलटंही सुरू व्हायचं आणि विमान मागे ढकलायचं! पण पिस्टन-सिलिंडरच्या बसणीत मात्र त्यांनी तडजोड केली नाही. जपानच्या ओएसची 'एलए' मालिका तशीच. मागचं झाकण प्लॅस्टिकचं, बॉल बेअरिंगऐवजी साधा बुश, पण पिस्टन-लायनर चोख. वर नीडल मागच्या बाजूला नेली, म्हणजे नवशिक्याची बोटं पंख्यापासून लांब राहतात. पैसे वाचवावेत तर असे.

मग स्वस्त आणि महाग यांत खरा फरक काय? माझ्या मते तो एका नगात दिसत नाही, दहा नगांत दिसतो. महागड्या कारखान्यात कुणीतरी बसून प्रत्येक पिस्टन त्याच्या जोडीच्या लायनरमध्ये घालून बघतं, न जमलेला बाजूला काढतं. त्या बाजूला काढलेल्या नगांचे आणि त्या माणसाच्या पगाराचे पैसे आपण देतो. स्वस्त कारखान्यात तो माणूस नसतो, किंवा घाईत असतो. दहातले सात नग तितकेच चांगले निघतात, दोन थोडे ढिले, एक बाद. म्हणजे आपण पैसे वाचवतो तेव्हा पारखीचं काम विकत न घेता अंगावर घेतो. ते ज्याला करता येतं त्याला स्वस्त इंजिनासारखा सौदा नाही. ज्याला येत नाही त्याच्यासाठी ती सोडत आहे.

मागच्या हिवाळ्यात हे फार जवळून पाहिलं. दोन मामे-आतेभावंडांनी एकाच दुकानातून एकाच कंपनीची, एकाच आकाराची दोन इंजिनं घेतली. थोरल्याचं पहिल्या रविवारी सुरू झालं. धाकट्याचं होईना. तीन रविवार तो पोरगा मैदानाच्या कडेला बसून झटके मारत होता. प्लग बदलले, इंधन बदललं, काठीने बोटांना फोड आले. चौथ्या रविवारी भावाबरोबर माझ्याकडे आला आणि म्हणाला, "इंजिन ठीक असेल काका, माझ्या हातालाच यश नाही. दादाचं तर लगेच लागतं."

या एका वाक्यासाठी खरं तर हा लेख लिहितोय. खराब वस्तू नवशिक्याच्या हातात पडली की तो वस्तूला दोष देत नाही, कारण चांगली वस्तू कशी असते हे त्याला माहीतच नसतं. तो स्वतःला दोष देतो. पैशाचं नुकसान भरून निघतं, हे निघायला फार वेळ लागतो.

दोन्ही इंजिनं टेबलावर ठेवली. त्याला म्हटलं डोळे मीट, फिरव आणि सांग. दोन फेऱ्यांत त्याने मान वर केली. "हे धरतं. हे धरतच नाही." खिडकीतून टॉर्च मारला तर दुसऱ्याच्या लायनरवरचं क्रोम सोलून उठलेलं, त्याच्या पापडीने पिस्टनवर उभे ओरखडे. शंभर मिस्त्री आले तरी ते सुरू होणार नव्हतं. पोराच्या चेहऱ्यावर इंजिन गेल्याचं दुःख दिसायला हवं होतं. त्याऐवजी तो हसला! दुकानदाराने एकदा इंधन घातलेला माल परत घेणार नाही असं सांगितलं, आणि ते पैसे गेले ते गेलेच.

माझ्या खणात एक जुनं एलए पडून होतं. एका ओळखीच्यांनी 'जाम झालंय, भंगारात टाक' म्हणून दिलेलं. एरंडेल वर्षानुवर्षं राहिलं की आत वार्निशसारखं चिकट थर धरतं. त्याला कुणी पान्याने हिसका दिला तर रॉड वाकतो. आम्ही हेअर ड्रायरने ते सावकाश तापवलं, मिथेनॉल सोडलं, पुन्हा तापवलं. तासाभराने पंखा हलला. मग धाकट्यानेच ते सगळं उघडलं, धुतलं, तेल लावून जोडलं. वरच्या टोकाला आल्यावर त्याने कुईं ऐकलं आणि माझ्याकडे बघितलं. मी काही बोललो नाही. फळीवर ते सातव्या झटक्याला लागलं. आता तो मैदानावर दुसऱ्यांची इंजिनं फिरवून बघतो असं त्याचा भाऊ सांगत होता, थोडा वैतागून.

माठ घेताना आपण वाजवून घेतो, कलिंगड टिचकी मारून घेतो. ही पारख कुणी पुस्तकातून शिकवली नाही. कुणीतरी शेजारी उभं राहून म्हणालं, 'हा आवाज ऐक, आता तो ऐक.' दोन शेजारी ठेवल्याशिवाय फरक कळत नाही, आणि पोराकडे दोन घ्यायचे पैसे नसतात. ते दुसरं इंजिन आपल्यापैकी कुणाच्या तरी खणात असतं.

असो, बरंच लांबलं. तुमच्याकडे किंवा काकांच्या-मामांच्या माळ्यावर असं एखादं जाम इंजिन पडलेलं असेल तर भंगारवाल्याला देऊ नका. फिरवण्याचा प्रयत्न तर अजिबात करू नका. आधी तापवा, तेल सोडा, थांबा. आणि चालू झालं की जवळच्या एखाद्या पोराला हातात द्या. किंमत आधी सांगू नका.